जुनेर

बारशापर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, हा इचलकरंजीतल्या कोष्ट्यांच्या घरांतला नियम कुणी कुठं लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडल्याचंही कुणाला आठवत नाही. दुपटी, लंगोट, टोपडी, सगळं जुनेराचं. घरातल्या बाईनं वर्षानुवर्षं नेसून सायीसारखं मऊ केलेलं लुगडंच नव्या जिवाला मानवतं, असं सगळेच धरून चालतात. म्हणून दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा केतकीनं पेढ्यांच्याही आधी आईकडं मागणी नोंदवली. "तुझी ती पहिली साडी कुणाला द्यायची नाही हं. ती माझ्या बाळाची."

आता ती साडी सोप्यात पसरली होती आणि वैजयंती सातपुते कात्रीनं चीर देऊन ती टराटरा फाडत होती. फाडताना तिला हसू येत होतं. या साडीचा तुकडा मागायला देशोदेशीची माणसं तिच्या प्रयोगशाळेत येऊन गेली होती आणि तिनं कुणाला चिंधीभरही दिला नव्हता. आज तिचे लंगोट होत होते.

"मंत्र्यानं या पदराला हात लावून फोटो काढून घेतला होता," उल्हास, तिचा नवरा, दारातून म्हणाला. "त्याला कळलं तर?"

"कळू दे की. त्याच्यापेक्षा मोठा माणूस येतोय."

तक्क्याला टेकून बसलेली केतकी पोट धरून हसली. "आई, हसवू नकोस गं, इथंच बाळंत होईन."

जित्या कापडाची ती पहिली साडी. कारखान्याच्या पाटीवर नाव भारदस्त होतं, पण गावानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं: जितं कापड.

कापसाचा तंतू भरीव दिसतो, पण तो भरीव नसतो. बोंडात असताना ती एक लांबट जिवंत पेशी असते. बोंड फुटलं की आतला रस वाळून जातो आणि मागं उरते पोकळ नळी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. हजारो वर्षं माणसं ही रिकामी घरं अंगावर घेऊन हिंडत होती. वैजयंतीनं त्यांत भाडेकरू बसवले. व्हिनेगरच्या बरणीत वर एक जाड साय धरते. ती साय म्हणजे जिवाणूंनी साखर खाऊन विणलेलं सेल्युलोज, कापूस ज्याचा बनतो तेच द्रव्य. या जिवाणूंची जनुकं बदलून वैजयंतीनं त्यांना घाम, अंगाचं तेल आणि मळ यांवर जगायला शिकवलं. तंतू शाबूत असला की ते आत झोपून राहत. तंतू तुटला, आत हवा आणि ओल शिरली, की जागे होत आणि ती जागा विणून बुजवत. असं कापड धुवावं लागत नव्हतं. फाटलं तर दोन कडा पेजेनं जोडून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी शिवण शोधून सापडत नसे. ते झिजत नव्हतं, मऊ मात्र होत जाई, कारण जिवाणूंचा धागा कापसाच्या धाग्यापेक्षा बारीक होता.

गावाला हे कापड देवासारखं पावलं होतं. त्याआधी नदी रंगाच्या पाण्यानं काळी पडली होती, गाळ उपसला की प्लास्टिकच्या धाग्यांचे गोळे निघत, आणि सरकारनं पॉलिस्टर विणायलाच बंदी घातल्यावर अर्धे माग मुके झाले होते. वैजयंतीच्या सुतानं ते पुन्हा खडखडू लागले. बायकांच्या आठवड्यात एक नवं काम आलं. कापडाला तांदळाची पातळ पेज शिंपडायची, सावलीत पसरायचं, साबण, इस्त्री, कढत पाणी यांतलं काही दाखवायचं नाही. नवऱ्याला जेवायला वाढलं नाही तरी चालेल, पण लुगड्याची पेज चुकता कामा नये, अशी चेष्टा घराघरांत चाले. नदीचा तळ दिसू लागला, तेव्हा लोकांनी वैजयंतीची मिरवणूक काढली. ती नको नको म्हणत राहिली आणि मनातून सुखावली.

केतकीला मुलगा झाला. गोरापान, भरपूर जावळाचा, आणि दवाखान्याचं छत खाली येईल असा रडणारा. त्याला आजीच्या मोरपंखी जुनेरात गुंडाळलं आणि तो गप्प झाला. ‘आजीचा वास ओळखला,’ सगळे म्हणाले. उल्हासनं तर तिथंच जाहीर केलं, की नातू आजीवर गेला असून आपल्या नशिबात पुन्हा संशोधकाचीच हमाली आहे.

तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर, केतकीनं हाक मारली. "आई, इकडं ये. याची नाळ पडली पण! बघ तरी बेंबी कशी छान लागलीय."

नाळ पडायला आठवडा लागतो, कधी जास्तच. वैजयंती कौतुकानं वाकली आणि वाकलेलीच राहिली. बेंबी भरलेली नव्हती. ती बुजवलेली होती. तिथली कातडी सुरकुत्या नसलेली, सपाट आणि किंचित चकचकीत दिसत होती, आणि ती चमक पोटावरून वर छातीपर्यंत सरकली होती. घरात धागे मोजायचं भिंग असतंच. तिनं ते बाळाच्या पोटावर धरलं. त्या पापुद्र्याला ताणा नव्हता, बाणा नव्हता, नुसती बारीक तंतूंची गुंतागुंतीची जाळी होती. प्रयोगशाळेत तिनं ही जाळी इतक्यांदा पाहिली होती, की ओळखायला भिंगाचीही गरज नव्हती.

तिनं भिंग खाली ठेवलं.

"काय गं?" केतकीनं विचारलं.

"ते दुपटं काढ. सगळे कपडे काढ त्याचे. उल्हास, गाडी काढा!"

डॉक्टर नायकवडी लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांच्या टेबलासमोर बसून वैजयंतीनं जे सांगितलं, ते सांगताना तिचं तिलाच ऐकू येत होतं आणि ऐकवत नव्हतं.

मोठ्या माणसाच्या कातडीवर जन्मभराचे शेकडो जातींचे जिवाणू ठाण मांडून असतात. बाहेरून आलेल्याला ते पाय पसरू देत नाहीत. जित्या कापडातले काही जिवाणू नेसणाऱ्याच्या अंगावर उतरतात, पण एका कोपऱ्यात गुमान पडून राहतात. नवजात बाळाची कातडी मात्र रिकामी जागा. जो पहिला येईल तो मालक. आणि हे जिवाणू आता कारखान्यातून निघालेले नवखे नव्हते. साडी वर्षानुवर्षं एकाच बाईच्या अंगाला सरावली होती, तसे तेही माणसाच्या कातडीवर राहण्यात पटाईत झाले होते. त्यांना तिथं काय सापडलं? ओल, तेल, आणि बेंबीपाशी एक ताजी, उघडी जखम. त्यांच्या लेखी ते एक फाटलेलं कापड होतं. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं.

"पापुद्रा अंगभर पसरला की घाम बाहेर पडणार नाही," ती म्हणाली. "ताप आतल्या आत राहील. पण खरी भीती बेंबीची आहे. तिथून यकृताकडं जाणारी शीर अजून पुरती मिटलेली नसते. ते आत शिरून विणायला लागले, तर..."

"तर आपल्या हातात काही नाही," डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं. "सध्या कुठवर आलंय?"

"वर कातडीवरच आहे. रडतोय अजून. तो रडतोय तोवर ठीक आहे."

उपायही तिच्याच कारखान्यातून आला. कापडावरची लव काढायला तिथं सेल्युलोज विरघळवणारं विकर वापरत. ते पातळ करून डॉक्टरांनी बाळाचं अंग इंचाइंचानं पुसलं, बेंबी पुनःपुन्हा धुतली, उघड्या पडलेल्या जिवाणूंवर औषध चालवलं. पापुद्रा पाण्यात भिजलेल्या कागदासारखा सुटून आला. खालची कातडी लालभडक, सोललेली. बाळ एवढंसं तोंड उघडून किंचाळत होतं आणि वैजयंती काचेबाहेर उभी राहून त्या किंचाळण्याला मनोमन हात जोडत होती.

मग प्रश्न आला त्याला गुंडाळायचं कशात. सुती म्हणून घरात होतं ते सगळं जितं, आणि दवाखान्याच्या चादरीही त्यातल्याच. सूत उकळून घेतलं तरी जिवाणू त्यात पुन्हा शिरले असते. ते बसूच शकत नाहीत असं एकच कापड होतं, जे गावानं वाजतगाजत हद्दपार केलं होतं. शेवटी एका परिचारिकेनं घरच्या माळ्यावरून नवऱ्याची कबड्डीची जुनी जर्सी आणली, निळी, पॉलिस्टरची, पाठीवर पाच आकडा असलेली. तिच्यात सातपुत्यांचा नातू झोपला.

"आणि याला हात लावायचा तो फक्त प्लास्टिकचा अंगरखा घालून," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांनी हे कापड अंगावर घातलंय, त्यांच्यापैकी कुणाचाही उघडा हात नको. आईचासुद्धा नाही. दूध काढून पाजू."

म्हणजे गावातल्या कुणाचाच नको. केतकी खाटेवर बसून ऐकत होती. तिनं डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही. ती आईकडं वळली.

"एवढ्या माणसांवर चाचण्या केल्यास. म्हाताऱ्यांवर केल्यास, आजाऱ्यांवर केल्यास. बाळं कशी गं राहिली?"

वैजयंतीला तो दिवस लख्ख आठवत होता. परवान्याच्या सुनावणीत एका परीक्षकानं नेमकं हेच विचारलं होतं. ‘लहान मुलांचे कपडे आम्ही बनवणारच नाही,’ असं तिनं सांगितलं आणि प्रश्न तिथंच मिटला. जे दुकानात मिळत नाही ते कुणी वापरत नाही, अशी त्या दालनातल्या सगळ्यांची समजूत, आणि त्यांच्यात बसून त्या दिवशी तिचीही तीच झाली. ती स्वतः जुनेरात वाढली होती, केतकीही. पण आपल्या कापडाला म्हातारपण नाही, याचा तिला इतका अभिमान, की त्याचं जुनेर होईल हे डोक्यातच आलं नाही. एरवी बायका जुनेर उकळत्या पाण्यातून काढून मगच बाळाला लावतात. ती सवयही तिनंच मोडून काढली होती, गल्लोगल्ली फिरून, पेजेचं भांडं हातात घेऊन.

"चुकले," ती म्हणाली. आणखी काय म्हणणार?

"तू त्याच्याजवळ येऊ नकोस," केतकी म्हणाली. "आत्ता नको, आणि बरा झाल्यावरही नको. मला रागानं बोलायचं नाहीये आई. पण तुझ्या हाताची मला भीती वाटते."

बाहेर व्हरांड्यात उल्हास बाकावर बसला होता. वैजयंती त्याच्याशेजारी बसली.

"सगळ्यांना सांगायला हवं," ती म्हणाली. "आत्ता. पहिल्या वर्षी घेतलेल्या साड्या आता मऊ पडल्यात. ज्या ज्या घरात बाळंतपण झालंय, तिथं हेच चाललं असणार."

उल्हास वाईट माणूस नव्हता. कारखाना, म्हणजे त्यांची मिल, तोच चालवायचा, आणि तिथल्या प्रत्येक कामगाराच्या घरचं लग्न त्यानं उभं राहून लावून दिलं होतं.

"जिवाणू तोच कशावरनं?" त्यानं विचारलं.

"मला माहीत आहे."

"तुला म्हाईत हाय गं. कागदावर कुठं हाय? नमुना पुण्याला गेलाय न्हवं? उद्या संध्याकाळपर्यंत कळतंय. एका पोराच्या बेंबीवरनं आज बोंब ठोकलीस, आणि उद्या भलतंच काही निघालं, तर? माग पुन्हा बंद पडले तर चालू व्हायचे न्हाईत, वैजू. माणसं आपल्या दारात येऊन बसतील. एक दिवस. एकच दिवस थांब म्हणतोय."

एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे तिनं विद्यार्थ्यांना किती वेळा बजावलं होतं! ते वाक्य आता आपणहून पुढं आलं आणि तिनं ते धरलं. खरं म्हणजे तिला कुणीतरी पटवून द्यायलाच हवं होतं. मिरवणुकीतला गुलाल अजून तिच्या मनावरून उतरला नव्हता. शिवाय काचेपलीकडं आपलं बाळ होतं, त्याचा ताप उतरायचा होता, आणि तिला तिथून हलवत नव्हतं. आपल्यापुरता जीव टांगणीला लागला की माणसाला दुसऱ्याचं दार दिसत नाही.

"उद्या संध्याकाळी," ती म्हणाली. "मग मात्र मी कुणाचं ऐकणार नाही."

दुसरा दिवस तिनं काचेला कपाळ लावून काढला. दुपारी ताप उतरला. बेंबीतून स्वच्छ रक्ताचा थेंब आला आणि डॉक्टर नायकवडी पहिल्यांदा हसल्या. "वेळेत आणलंत. आज आणलं असतंत तर काही खरं नव्हतं." केतकी काचेला तळहात लावून रडली, मोकळी होऊन रडली. वैजयंतीही रडली, तिच्यापासून चार हात लांब उभी राहून.

ऊन उतरताना पुण्याहून अहवाल आला. जिवाणू तोच होता.

मग मात्र तिनं वाट पाहिली नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी राहून तिनं स्वतःचं बोलणं चित्रित केलं आणि गावातल्या प्रत्येक फोनवर पाठवून दिलं. कापडाचं नाव घेतलं, काय चुकलं ते सांगितलं, आपलंही नाव घेतलं. आशा कार्यकर्त्या, परिचारिका, डॉक्टरांचे विद्यार्थी विकराच्या बाटल्या आणि प्लास्टिकचे अंगरखे घेऊन वाड्यावस्त्यांकडं निघाले. उल्हासनं मान खाली घालून मिलच्या सगळ्या गाड्या दिल्या. वैजयंतीनं विणकर वसाहत स्वतःकडं घेतली, कारण तिथल्या बायकांना तिनंच पेज शिंपडायला शिकवलं होतं.

पहिलंच दार रेश्मा बुगडचं. रेश्मा मिलमध्ये सुताला खळ द्यायच्या खात्यात होती. तिच्या सुनेला, ईश्वरीला, मुलगी झाल्याचे पेढे वैजयंतीनं खाल्ले होते. दारात रांगोळी होती, आत पाटावर सटवाईची पूजा मांडलेली. पाचवीच्या गडबडीत त्या घरातल्या कुणी फोन उघडला नव्हता.

"अगं बया, वैजयंतीताई!" रेश्माचा चेहरा फुलला. "या की, या. ईश्वरी, उठून बस गं, कोन आलंय बघ. मुहूर्तावर आलासा बगा ताई. बसा, च्या टाकते."

"चहा नको, रेश्मा. बाळ कुठं आहे?"

"हितंच की. काय गुनाची हाय म्हनून सांगू! पयल्यांदा लई किरकिर करायची. बेंबी भरली आनि काल रातीपास्नं एकदाबी रडली न्हाई. दूधबी मागत न्हाई, नुसती झोपतीया."

खोलीत शेगडी पेटलेली होती. सगळ्यांच्या कपाळावर घाम डवरला होता. खाटेवर जांभळ्या जुनेरात गुंडाळलेल्या मुलीच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. वैजयंतीनं दुपटं बाजूला केलं. गळ्यापासून पावलांपर्यंत सगळी कातडी एकसारखी गुळगुळीत होती, आणि खालचं पोट फुगून टणक झालं होतं. तिनं पायाच्या तळव्यावर टिचकी मारली. पाय हलला नाही. श्वास होता, वरच्यावर, पक्ष्याच्या पिलासारखा.

तिनं तिथूनच डॉक्टर नायकवडींना फोन लावला आणि जे दिसत होतं ते सांगितलं.

"रडायची कधी थांबली?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल रात्री."

"गाडी पाठवते," डॉक्टर सपाट आवाजात म्हणाल्या. "घेऊन या." या आवाजात त्या कधी बोलतात, हे वैजयंतीला आता कळत होतं. काल. काल संध्याकाळी ही मुलगी अजून रडत होती. काल हिच्या बेंबीतूनही स्वच्छ रक्ताचा थेंब आला असता.

"काय झालं ताई?" खाटेवरून ईश्वरीनं विचारलं. तिचं वय फार तर वीस-बावीस. "काय म्हनालं डॉक्टर?"

"दवाखान्यात न्यायचं आहे. गाडी येतेय. त्या कापडानं... माझ्या कापडानं तिला बाधा झालीय, ईश्वरी. मला हे कालच कळलं होतं. मी काल यायला हवं होतं."

शब्द सासूसुनांच्या कानांत गेले होते, अर्थ अजून गेला नव्हता. आपल्या डोळ्यांसमोर शांत झोपलेल्या लेकराला काही झालंय, यावर कोणती आई पटकन विश्वास ठेवेल?

"काय तरीच," रेश्मा म्हणाली, स्वतःलाच समजावल्यासारखी. "उनानं मलूल पडली आसंल. नेऊ या की दवाखान्यात, त्यात काय. तुमच्या नातवालाबी नेल्तं म्हनं? कसा हाय आता?"

वैजयंतीला खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"बरा आहे," ती म्हणाली. "वाचला."

"बघ गं ईश्वरी, त्यो बरा झाला. हीबी हुईल." रेश्मानं मुलगी उचलली, दुपटं सारखं केलं आणि दोन्ही हातांनी पुढं धरली. "गाडी येस्तवर घ्या की मांडीवर. आज पाचवी हाय. तुमचा हात लागू दे तिला."

स्वतःच्या नातवाला वैजयंतीनं दोन दिवस शिवलं नव्हतं, आणि पुढंही शिवायला मिळणार नव्हतं. ती खाली पाटाशेजारी बसली आणि तिनं मांडी घातली. या मुलीला घ्यायला हरकत नव्हती. तिच्या हातांनी हिचं आणखी काही बिघडण्यासारखं राहिलं नव्हतं. तिनं मुलीला घेतलं, डोकं कोपराच्या खोबणीत टेकवलं. अंग शेगडीसारखं तापलं होतं. वैजयंतीच्या डोळ्यांतलं पाणी त्या गुळगुळीत गालावर पडलं आणि ओघळून गेलं.

"बगा की," रेश्मा कौतुकानं म्हणाली, "तुमच्यापाशी कशी गप ऱ्हायलीया."